‘सगळेच घेत होते ना!’ म्हणणाऱ्या पोराला काय सांगावं?

सर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या आश्रमशाळेतला अकरावीचा एक मुलगा रोड सायकलिंगमध्ये राज्य पातळीपर्यंत पोचला आहे. रात्री मोबाइलवर टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचे जुने व्हिडिओ पाहत बसतो, मार्को पांतानी हा इटालियन सायकलपटू त्याचा देव आहे. डोपिंगमुळे सात टूर विजेतेपदं गमावलेल्या लान्स आर्मस्ट्राँगचं प्रकरण त्याने वाचलंय आणि तो तुम्हाला विचारतो, "सगळेच घेत होते ना सर, मंग त्यालेच काहून धरलं? अन् मर्क्सले अजून थोर काहून म्हणतेत?" (एडी मर्क्स म्हणजे पाच वेळा टूर जिंकलेला बेल्जियमचा सायकलपटू.) त्यात परवा त्याचं हिमोग्लोबिन ११.८ आलं आणि जिममधल्या कुणीतरी ‘रक्त वाढवायचं इंजेक्शन’ सुचवलं. पोराला काय सांगू आणि हे जुने विजेते मोजायचे कसे, असं तुम्ही विचारता.

मी पॅथॉलॉजिस्ट. दिग्रसला लॅब आहे, आणि बरीच वर्षं स्पर्धांमध्ये डोपिंग कंट्रोल ऑफिसर म्हणून नमुने घ्यायला जात होतो. लोक पदकं बघायचे तेव्हा मी बाटल्यांवरचे नंबर ताडून बघत असायचो. सायकल शर्यतींचा नाद मात्र त्याच्याही आधीचा. उत्तर लांबणार आहे. इंजेक्शनचं शेवटी सविस्तर सांगतो, पण ते द्यायचं नाही एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

पोराच्या बोलण्यात तथ्य आहे हे आधी कबूल करा, नाहीतर तो तुमचं पुढचं ऐकणार नाही. टूर सुरू झाली १९०३ साली आणि १९०४ मध्येच पहिले चारही जण बाद झाले, त्यात आदल्या वर्षीचा विजेता मोरिस गारँही होता. आगगाडीत बसून अंतर कापल्यापर्यंतचे आरोप होते. म्हणजे लबाडी औषधांच्या आधीपासूनची आहे. १९२४ मध्ये पेलिसिए बंधूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली आणि अल्बेर लोंद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांत घालायला कोकेन, हिरड्यांना लावायला क्लोरोफॉर्म, वर गोळ्यांच्या डब्या. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं, कारण तसा नियमच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागं ठेवायला वापरलेलं ॲम्फेटामिन युद्ध संपल्यावर सायकलपटूंच्या खिशात आलं. पाच वेळा टूर जिंकणारा पहिला माणूस झाक आंकतील. तो तर औषधं घेतो हे उघड बोलायचा. १९६७ मध्ये त्याने तासाभरातल्या अंतराचा विक्रम केला आणि लघवीचा नमुना द्यायला नकार दिला. विक्रम मंजूर झाला नाही, त्याचीही त्याने फार फिकीर केली नाही.

फ्रान्समध्ये डोपिंगविरोधी कायदा झाला १९६५ साली. पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये बोर्दोला अधिकारी हॉटेलात नमुने घ्यायला शिरले, तर दुसऱ्या दिवशी सगळे खेळाडू सायकलींवरून उतरून निषेध म्हणून पायी चालले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १३ जुलै १९६७ ला, माँ व्हाँतू या उघड्या बोडक्या डोंगरावर टॉम सिम्प्सन कोसळला. माजी विश्वविजेता, वय २९. रणरणतं ऊन होतं, पोट बिघडलेलं होतं, प्यायला पाणी पुरेसं नव्हतं. शवविच्छेदनात ॲम्फेटामिन आणि अल्कोहोल सापडलं. आपल्याकडे मे महिन्यात वावरात काम करताना भोवळ येऊन पडणारा माणूस पडायच्या आधी थांबतो तरी, कारण शरीर त्याला थांब म्हणतं. ॲम्फेटामिन तो आवाजच बंद करतं. सिम्प्सन एकदा पडला, पुन्हा सायकलवर चढला आणि शिखर जवळ आलेलं असताना दुसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही.

आता मर्क्स. १९६९ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, तो आघाडीवर असताना साव्होना गावी त्याच्या नमुन्यात फेनकॅम्फामिन हे उत्तेजक सापडलं आणि त्याला घरी पाठवलं. आपण घेतलं नाही असं तो तेव्हापासून सांगत आलाय. नमुना तपासला गेला तो शर्यतीबरोबर फिरणाऱ्या गाडीतल्या प्रयोगशाळेत. नमुने घेण्याचं काम केलेला माणूस म्हणून सांगतो, एवढ्यावर मी आज कुणाला दोषी धरणार नाही. निर्दोषही म्हणणार नाही. बंदी एका महिन्याची होती, तीही संशयाचा फायदा देऊन उठवली. लगेच पुढची टूर त्याने जवळजवळ १८ मिनिटांच्या फरकाने जिंकली. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९७३ मध्ये लोम्बार्डीची शर्यत जिंकल्यावर त्याच्या नमुन्यात नॉरएफेड्रिन सापडलं आणि विजय काढून घेतला गेला. खोकल्याच्या औषधातून आलं, असं त्याचं म्हणणं. १९७७ मध्ये पेमोलिन सापडलं. म्हणजे मर्क्सला पकडलं नाही हा पोराचा समज चुकीचा आहे. पकडलं, एकदा नाही, तीनदा. शिक्षाच तेव्हा किरकोळ होत्या.

गंमत म्हणजे ते नॉरएफेड्रिन आज बंदीच्या यादीत नाही, फक्त निरीक्षणाखाली आहे. उलट ट्रॅमाडॉल ही दुखणं मारणारी गोळी सायकलपटू वर्षानुवर्षं उघड घेत होते. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, म्हणजे यूसीआयने, ती २०१९ मध्ये बंद केली आणि जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत ती आली १ जानेवारी २०२४ पासून. २०१२ मध्ये ती घेऊन जिंकलेल्याला आज चोर म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्या दिवशी शर्यत झाली त्या दिवशीचा नियम लावायचा. आजचा कायदा आजोबांच्या सातबाऱ्यावर लावू नये.

पण नुसता नियमही पुरत नाही. औषध शर्यतीचं काय करतं हेही बघावं लागतं, आणि इथे मला माझ्या टेबलावर यावं लागेल.

तालुक्याच्या लॅबमध्ये रोजचं काम म्हणजे पीसीव्ही. एक बारीक काचेची नळी, केसासारखी. तिच्यात रक्त आपोआप चढतं. एक टोक मेणचट मातीने बंद करायचं आणि नळी यंत्रात घालून पाच मिनिटं जोरात फिरवायची. बाहेर काढली की रक्ताचे थर झालेले असतात. खाली लाल भाग, त्याच्यावर पांढऱ्या पेशींचा अगदी बारीक पट्टा, वर गव्हाळ पिवळं पाणी. लाल भाग एकूण उंचीच्या किती टक्के, ते पट्टीवर वाचायचं. तेच हिमॅटोक्रिट. धडधाकट पुरुषाचा साधारण ४० ते ५०. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायांचा ३३-३४ असतो आणि त्या त्यावर दिवसभर कापूस वेचतात. लाल भाग म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या पेशी. तो वाढला की स्नायूला प्राणवायू जास्त मिळतो. सायकलपटूचा चढावरचा दम बराचसा त्यावर ठरतो.

या पेशी बनवायचा हुकूम मूत्रपिंडातून निघणारं एरिथ्रोपोएटिन देतं, म्हणजे ईपीओ. मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी ते कृत्रिमरीत्या तयार झालं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. डायलिसिसवरच्या एका कास्तकाराचे रिपोर्ट माझ्याकडे असायचे. हिमोग्लोबिन साडेसहा. एसटी स्टँडवरून लॅबपर्यंत येताना तो रस्त्यात दोनदा टेकायचा. इंजेक्शनं सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत दहाच्या जवळ गेला आणि एक दिवस पायऱ्या चढून थेट वर आला. न थांबता. हेच औषध आधीच पंचेचाळीसवर असलेल्या निरोगी, वर्षभर सराव केलेल्या माणसाला दिलं तर काय होत असेल, याचा अंदाज पोराला लगेच येईल.

ॲम्फेटामिनने सामान्य खेळाडूचा विजेता होत नव्हता. ते थकवा लपवायचं आणि कधी जीव घ्यायचं. ईपीओने क्रमवारीच बदलली. म्हणून १९९० पर्यंतचे आणि त्यानंतरचे मी एका मापाने मोजत नाही, आणि मोजणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ईपीओवर बंदी नव्वदीच्या सुरुवातीलाच आली, पण ते शोधायची चाचणी सन २००० पर्यंत तयारच नव्हती. मधल्या काळात यूसीआयने १९९७ मध्ये तोडगा काढला. हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेला की पंधरा दिवस घरी बसायचं, ‘तब्येतीच्या कारणास्तव’. हेतू चांगला असेल. झालं असं की ५० ही मर्यादा न राहता सगळ्यांना गाठायचं ठिकाण झाली. डॉक्टरांनी खेळाडूंना ४९.५ वर आणून ठेवलं. चाचणीची वेळ आली की सलाईन लावून रक्त पातळ करायचं. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत आर्मस्ट्राँगच्या संघाच्या डॉक्टरने रेनकोटच्या आत सलाईनची पिशवी दडवून तपासनिसांच्या समोरून खोलीत नेली, हे पुढे सहकाऱ्याच्या साक्षीत आलं.

इथेच ‘सगळेच घेत होते म्हणजे बरोबरीच झाली’ हे म्हणणं मोडतं. समजा एकाचा मुळातला हिमॅटोक्रिट ४० आहे आणि दुसऱ्याचा ४८. दोघेही ५० वर नेले. पहिल्याला दहा अंश मिळाले, दुसऱ्याला दोन. निसर्गाने ज्याला जास्त दिलं होतं त्याचाच तोटा झाला. त्यातही शरीर औषधाला किती दाद देतं हे प्रत्येकाचं वेगळं. आर्मस्ट्राँगच्या मिकेले फेरारीसारखा डॉक्टर कुणाला परवडतो आणि कोण स्वतःच फ्रिजमधून काढून टोचून घेतो, हा फरक पुन्हा वेगळा. सगळ्यांनी घेतलं तरी शर्यत बरोबरीची होत नाही. ती औषध कुणाला जास्त लागू पडतं याची शर्यत होते.

तुमच्या भागातलं उदाहरण द्या. शंकरपटात कुणी बैलाला दारू पाजली, कुणी टोचणी लावली, तर धुऱ्यावर उभे असलेले म्हणतात, सगळेच करतात. पण त्या पटात एखादी जोडी नुसत्या खाण्या-मेहनतीवर आणलेली असते. ती सेकंदाने मागे राहते आणि तिचा मालक संध्याकाळी छकडा घेऊन गुपचूप घरी जातो. त्याचं नाव कुणी घेत नाही. ‘सगळेच’ म्हणताना तो माणूस हिशेबातून उडतो.

सायकलिंगमध्ये अशा माणसाला नाव आहे: क्रिस्तोफ बासोंस. १९९८ च्या टूरच्या तोंडावर फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएत बेल्जियम-फ्रान्स सीमेवर ईपीओ आणि इतर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला. अख्खा संघ बाहेर काढला. चौकशीत संघातल्यांनीच सांगितलं की बासोंस घेत नाही. १९९९ मध्ये तो दुसऱ्या संघातून टूरला आला. वर्तमानपत्रात रोज लिहायचा आणि वेग संशयास्पद आहे असं त्याने लिहिलं. शर्यत चालू असताना पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण आघाडीवर असलेला आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ आला आणि तू इथून गेलेलं बरं, अशा अर्थाचं बोलला. बाकीच्यांनी बोलणं टाकलं. बासोंस काही दिवसांत टूर सोडून गेला आणि दोनेक वर्षांत सायकलिंगही.

२००४ मध्ये फिलिप्पो सिमेओनी या इटालियन खेळाडूने फेरारीविरुद्ध साक्ष दिलेली होती. टूरच्या अठराव्या टप्प्यात तो पुढच्या छोट्या गटाकडे निसटला. टूर खिशात असलेला आर्मस्ट्राँग, ज्याला सिमेओनीपासून काडीचाही धोका नव्हता, स्वतः त्याच्यामागे सुटला, त्याला गाठलं आणि तो गट सिमेओनी परत फिरेपर्यंत पुढे जाऊ शकला नाही. परत येताना आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. हा व्हिडिओ पोराला जरूर दाखवा. पांतानीच्या दहा चढांपेक्षा त्यात जास्त आहे. आर्मस्ट्राँगच्या संघाची मालिशवाली एमा ओरायली खरं बोलली तर तिच्यावर खटला घातला गेला, तिच्याबद्दल नको ते बोललं गेलं. १९९९ मध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिसोन सापडलं होतं आणि मागची तारीख घालून मलमाची चिठ्ठी तयार केली गेली, हे तिनेच सांगितलं होतं. ते खरं निघालं.

तेव्हा ‘त्यालेच काहून धरलं’ याचं माझं उत्तर हे. घेतलं म्हणून त्याला जे मिळालं ते इतर अनेकांना मिळायला हवं होतं, तिथे पोराचं बरोबर आहे. पण आर्मस्ट्राँगने न घेणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला खेळातून हाकललं, कोर्टात खेचलं, त्यांची पोटं मारली. आंकतीलने हे केलं नाही. मर्क्सवर कितीही संशय घ्या, त्याने असं कुणाला उठवलं नाही. जुन्या विजेत्याचा हिशेब मी त्याच्या मागे राहिलेल्यांकडून सुरू करतो. कोण हरलं, आणि हरण्यात या माणसाचा हात किती. औषध कोणतं, किती, कुठल्या साली, हे सगळं त्याच्या नंतर.

आता विजेत्यांची अधिकृत यादी. ती पाहून पोराचा गोंधळ वाढणारच, कारण ती न्यायाने बनलेली नाही, मुदतीने बनलेली आहे. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस. त्याने २००७ मध्ये ईपीओ घेतल्याचं पत्रकारांसमोर कबूल केलं. नाव यादीत कायम, कारण तक्रारीची मुदत उलटून गेली होती. १९९७ चा यान उलरिश, त्यानेही पुढे रक्ताशी खेळ केल्याचं मान्य केलं, नाव कायम. १९९८ चा पांतानी, कायम. १९९९ ते २००५, सात वर्षं, रकाना रिकामा. अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने २०१२ मध्ये हजारावर पानांचा अहवाल दिला, त्यात ११ जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षी. आठ वर्षांची मुदत आर्मस्ट्राँगला लावली नाही, कारण त्याने शपथेवर खोटं बोलून प्रकरण दडपलं होतं असं संस्थेचं म्हणणं. यूसीआयने ते मान्य केलं. दुसऱ्या क्रमांकाला वर सरकवलं नाही, कारण दुसऱ्या क्रमांकावर बघा कोण होते: झ्युले, उलरिश, बासो... बहुतेकांचं नाव कुठल्या ना कुठल्या प्रकरणात आलेलं. मग २००६ चं विजेतेपद लँडिसकडून काढून पेरेइरोला दिलं आणि २०१० चं कोन्तादोरकडून काढून अँडी श्लेकला. तेव्हा यादीत नाव आहे म्हणजे स्वच्छ आणि नाही म्हणजे चोर, असं धरून चालू नका. ते रिकामे रकाने मला मात्र आवडतात. यादीतला तेवढाच भाग प्रामाणिक वाटतो.

पांतानीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो पोराचा देव आहे. १९९८ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकणारा. ५ जून १९९९ ला मादोन्ना दि कांपिल्यो इथे सकाळी रक्त तपासलं, हिमॅटोक्रिट ५२. जिरो संपायला दोन टप्पे, तो मोठ्या फरकाने आघाडीवर, आणि बाहेर. त्यानंतर तो माणूस सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या हॉटेलच्या खोलीत कोकेनने मेला, वय ३४. ईपीओ सापडलं म्हणून शिक्षा त्याला हयातीत कधीच झाली नाही. १९९८ च्या टूरचे गोठवून ठेवलेले नमुने पुढे संशोधनासाठी तपासले गेले, आणि फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात ते निकाल नावांसकट आले. त्यात ईपीओ सापडलेल्यांमध्ये पांतानी आहे. त्याच्याही आधी, १९९५ च्या अपघातानंतर दवाखान्यातल्या तपासणीत त्याचा हिमॅटोक्रिट ६० च्या वर होता. ६० चं रक्त नळीत भरतानाच कळतं, ते नीट चढत नाही. तेच रक्त मेंदूच्या आणि हृदयाच्या बारीक नसांतून फिरत असतं.

पोराच्या खोलीतलं पांतानीचं चित्र मी असतो तर उतरवायला लावलं नसतं. हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवून, पेडलवर उभं राहून तो ज्या तऱ्हेने चढावर निघून जायचा, ते बघण्यासारखंच आहे. फक्त त्या चढाला लागलेली मिनिटं वहीत लिहून ‘आपल्याले एवढ्यात चढायचं’ असं चिखलदऱ्याच्या घाटात स्वतःला सांगू नये. तो वेळ एकट्या पांतानीचा नाही, अर्धा इंजेक्शनचा आहे, आणि तो अर्धा वेगळा काढता येत नाही.

‘तो कधी पॉझिटिव्ह आला नाही’ हा बचाव तुम्ही पुष्कळदा ऐकाल. या बचावाला मी फार किंमत देत नाही, का ते सांगतो. नमुना देताना खेळाडूने छातीपासून गुडघ्यापर्यंत कपडे बाजूला करायचे, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि अधिकारी समोर उभा. पोरं लाजतात. कबड्डीतला एक धिप्पाड गडी दोन तास बाटलीमागून बाटली पाणी पीत बसला होता, आणि शेवटी झाली ती इतकी पातळ की घनता बसेना, पुन्हा थांबा. नियम एवढा लाजिरवाणा का, तर १९७८ मध्ये मिशेल पोलेन्टियरने आल्प द्युएझचा टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली आणि काखेत दुसऱ्याच्या लघवीचा रबरी फुगा, नळी खाली, असा नमुना द्यायला आला. पकडला गेला. पण एवढा बंदोबस्त असूनही खेळाडूला पळवाट असते. ईपीओचा लहान डोस रात्री शिरेतून घेतला की सकाळपर्यंत लघवीत सापडेनासा होतो. स्वतःचंच रक्त काढून ठेवून पुन्हा चढवलं तर शोधायला बाहेरचं काही नसतंच. म्हणून २००८ पासून जैविक पासपोर्ट आला. त्यात औषध शोधत नाहीत, एकाच माणसाच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं लावून बघतात. हिमोग्लोबिन वर गेलंय आणि नव्या कोवळ्या पेशी मात्र खाली, तर रक्त बाहेरून आलंय. हा आलेख आम्हा लॅबवाल्यांना एका नजरेत कळतो. त्यानेही सगळे सापडत नाहीत, पण हिमॅटोक्रिट ६० वर नेऊन शर्यत करायचे दिवस गेले.

पोरगं पुढे विचारेल, मग आजचे खरे का? २०२४ मध्ये पोगाचारने प्लातो द बेय चढताना पांतानीचा १९९८ चा वेळ साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त फरकाने मोडला. हे ऐकून माझ्याही भुवया वर गेल्या. मात्र आजची सायकल, टायर, रस्ता, संघाने पायथ्यापासून लावलेला वेग आणि तासाला शंभर ग्रॅमच्या वर साखर पचवायची तयारी, यातलं काहीच तेव्हा नव्हतं. नुसत्या वेगावरून मी कुणाला चोर म्हणत नाही, आणि नुसत्या निगेटिव्ह रिपोर्टवरून साधूही म्हणत नाही. तोवर शर्यत बघायची, आवडला तर टाळ्या वाजवायच्या. नमुने दहा वर्षं जपून ठेवता येतात. निकाल मागाहूनही येतो.

हे सगळं युरोपातलं म्हणून सोडून देऊ नका. वाडाच्या २०२३ च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने आणि त्यात २१३ पॉझिटिव्ह, म्हणजे ३.८ टक्के. एवढे नमुने घेणाऱ्या देशांत सगळ्यात जास्त. पोलीस भरतीच्या मोसमात माझ्या लॅबमध्ये पोरं येतात, हिमोग्लोबिन करा म्हणतात आणि पैसे देताना हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, सोळाशे मीटरले दम पुरीन असं काही लिहून देता का?" कुठून येतं हे, तर जिममधून आणि मेडिकलच्या काउंटरवरून.

आता तुमच्या पोराचं रक्त. अकरावीतल्या मुलाला ११.८ कमी आहे, तेरा तरी हवं. ‘रक्त वाढवायचं इंजेक्शन’ म्हणजे जिमवाल्याच्या मनात काय होतं ते त्यालाच विचारा. लोहाचं असू शकतं किंवा ईपीओ असू शकतं, मेडिकलवर दोन्ही मिळतात. ईपीओ असेल तर तिथेच थांबवा. त्याने रक्त घट्ट होतं, आणि चाचणीत सापडलं तर चार वर्षांपर्यंतची बंदी. लोहावर बंदी नाही, पण तेही मनाने टोचून घ्यायचं नाही. आधी कारण शोधा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), शौचाची जंतांसाठी तपासणी. आणि सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर ती पहिली करा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आपल्या भागात ती न करता पोराला उन्हात शंभर किलोमीटर पळवणं मला पटत नाही. वाहक असला तरी सायकल चालवता येते, पण पाणी, ऊन आणि विश्रांतीचे नियम वेगळे लागतात. नुसतं लोह कमी निघालं तर तोंडाने गोळ्या, जंताचं औषध, जेवणात डाळ, पालेभाजी, लिंबू, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल.

दोन गोष्टी मात्र वहीत लिहून ठेवा, कारण आपल्याकडे यात पोरं नकळत अडकतात. शर्यतीनंतर ‘अशक्तपणा आला, सलाईन लावून घे’ ही आपल्या गावची रीत आहे. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणं नियमात बसत नाही, दवाखान्यातल्या खऱ्या उपचाराचा, शस्त्रक्रियेचा किंवा तपासणीचा भाग असेल तरच चालतं, आणि त्याचे कागद ठेवा. दुसरं, खोकल्याची औषधं. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदीच्या यादीत आहे. बाटली घेताना मागचं लेबल वाचा. भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेचं, म्हणजे नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ ॲप आहे, त्यात नाव टाकून बघता येतं. ‘मले माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही. कोन्तादोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम एवढंसं होतं. बहुधा दूषित सप्लिमेंटमधून आलं असावं असं क्रीडा लवादानेच म्हटलं, तरी टूर गेली. त्यामुळे जिमचा प्रोटीनचा डबाही बंद. शेंगदाणे, गूळ, अंडी यावर या वयात भागतं.

सीबीसी आणि सिकलसेलचे रिपोर्ट आले की मला पाठवा. पोराला येताना सायकल घेऊन यायला सांगा, सीटची उंची तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत मला जरा कमी वाटली.